म्हातारचळ कीं रोग?

आजोबा जेवून उठतात आणि घटकेनें विचारतात, ‘आज जेवण नाहीं का?’ घरचीं माणसें ‘म्हातारचळ लागला’ म्हणून मोकळीं होतात. हा शब्द अन्यायाचा आहे. बहुधा तो मेंदूचा रोग असतो. इ. स. १९०६ मध्यें जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनीं ज्या स्त्रीच्या मेंदूंतील विकृति वर्णिली, ती रुग्णालयांत आली तेव्हां अवघी ५१ वर्षांची होती; मग दोष केवळ वयाचा कसा? समूळ बरें करणारें औषध अद्यापि नाहीं. सारी भिस्त शुश्रूषेवर, आणि ती बहुधा एकट्या स्त्रीच्या माथीं! नातवंडांनीं रोज तासभर आजोबांजवळ बसावें, तोच प्रश्न दहादां आला तरी वाद न घालतां उत्तर द्यावें. तेवढ्यांत आईचा डोळा लागेल. शेजाऱ्यांनींही नुसती चौकशी करून परतूं नये. ‘तुम्ही बाजारांत जाऊन या, आम्ही बसतों,’ असें म्हणावें.