शेततळे आणि सरकारी अनुदान

आपल्या परभणी जिल्ह्यात पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली की काळ्या जमिनीस भेगा पडतात आणि सोयाबीन डोळ्यांदेखत माना टाकते. अशा वेळी पिकास एक-दोन पाणी देता यावे, एवढ्याच हेतूने शेततळ्याची कल्पना निघाली. सरकारने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढून एका तळ्यास जास्तीत जास्त ५०,००० रुपये अनुदान ठरविले. पुढे ही मर्यादा ७५,००० झाली.

हेतू उत्तम. परंतु पैसा मिळतो तो खड्ड्यास. पावसाचे पाणी अडविल्याबद्दल नव्हे. म्हणून काठ उंच करून, आत प्लास्टिक अंथरून, विहिरीचे वा बोअरचे पाणी उपसून तळे भरण्याची चाल महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी पडली. जमिनीखालचे पाणी एकाने उपसून उघड्यावर ठेवावे व त्यातले कितीतरी उन्हाने न्यावे, यास जलसंधारण कसे म्हणावे? शेजाऱ्याची विहीर मात्र फाल्गुनातच तळ दाखविते.

अनुदान बंद करावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट ते काम पुरे झाल्यावर मिळते, यामुळे पदरी पैसा नसलेला शेतकरी खोदाईस हातच घालीत नाही. त्यास काही रक्कम आधी द्यावी. उरलेली, तळे पावसाने भरते असे ग्रामसभेने पाहिल्यावर द्यावी.

विद्यार्थ्यांनो, सुटीत गावी गेलात म्हणजे तळ्यात पाणी कोणत्या वाटेने येते ते पाहा. नळी दिसली तर तिचे दुसरे टोक कोठे आहे, हे वडिलांस विचारा.