लाइन गेल्यावर आधी पाणी जातं

वादळाची बातमी आली की आपण मेणबत्त्या अन् टॉर्च घेऊन ठेवतो. पण अंधारात माणूस आठ दिवस काढतो, पाण्याविना दोनही काढत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. हजारो खांब आडवे झाले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत लाइन यायला आठवडे लागले. कोकणात निदान पुष्कळ घरांमागे विहीर आहे, दोर टाकला की पाणी. आपल्या झरी जामणीत काय? नळयोजना मोटरवर, मोटर बोअरमध्ये. बोअरमध्ये बादली जात नाही.

अन् आपण टोकाचे. दुरुस्ती आधी उपकेंद्राची, मग ३३ केव्ही, मग ११ केव्ही, मग गावची डीपी. पैनगंगेकाठच्या गावाचा अन् कोलाम पोडाचा नंबर शेवटी. यात वायरमनचा दोष नाही, कामाचा क्रमच तसा आहे.

म्हणून मी म्हणतो, हापसी जपा. कित्येक ठिकाणी पाणी चांगलं लागलं म्हणून हापसी काढून मोटर टाकली, दांडा गेला भंगारात. इंडिया मार्क-२ म्हणतात ती हापसी आपल्याच सोलापूरच्या पंपावरून सुधारत आली. वायसर बदलले की चालते, लाइट लागत नाही.

दुसरं, सोलर पंप. गावालगतच्या वावरात असेल तर उन्हाच्या वेळी तिथून गुंड भरता येतात, जनावरांचंही भागतं. ढग दाटले तर पाणी कमी येईल, फार दाटले तर येणारही नाही. छतावरच्या सोलरवर मात्र भरवसा नको. बॅटरी नसेल तर लाइन गेली की तेही बंद पडतं, तशीच त्याची रचना असते. हे विकणारे सहसा सांगत नाहीत.

जनरेटर आणला तर आधी नळाची मोटर, मग चक्की, मोबाइल नंतर. अन् घरच्या वायरिंगला तो थेट जोडू नका. करंट उलटा डीपीतून चढून हाय व्होल्टेज होतो अन् खांबावरचा माणूस जातो.

१ मेच्या ग्रामसभेत मी हापश्यांचा विषय मांडणार आहे. तुमच्या गावात चालू किती, बंद किती, तेवढं मोजून कळवा.