कृतज्ञता कीं मौनव्रत ?

अलीकडे एक चमत्कारिक वादपद्धति रूढ झाली आहे. नळास पाणी नाहीं, रांगेंत तासन् तास तिष्ठावें लागतें, अशी तक्रार कोणीं केली कीं, "सीमेवर जवान बर्फांत उभा आहे, आणि तुम्हांस एवढेंही सोसवत नाहीं काय ?" असा सवाल त्याच्या तोंडावर फेकण्यांत येतो. दुसरा पक्ष म्हणतो, "तुमच्या आजोबांच्या घरीं वीज तरी होती काय ? आहे त्याचे उपकार माना !" दोन्ही पक्षांस कृतज्ञतेचा मोठा कळवळा, पण हेतु मात्र एकच, आणि तो म्हणजे विचारणाऱ्याचें तोंड बंद करणें.

आमच्या मतें हा त्या थोर शब्दाचा अपमान आहे. कृतज्ञ म्हणजे केलेलें जाणणारा. आणि जो खरोखर जाणतो, त्यास गप्प बसवतच नाहीं.

सियाचिनचें उदाहरण घ्या. १९८४ सालापासून तेथें आपलें सैन्य पहारा देत आहे. आणि शत्रूच्या गोळीपेक्षां थंडीनें, विरळ हवेनें व हिमप्रपातांनींच तेथें अधिक बळी घेतले आहेत. २०२० सालीं संसदेपुढें आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांत, अशा अत्युच्च प्रदेशांतील सैनिकांस बर्फांत वापरावयाचे बूट व चष्मे वेळेवर पुरविले गेले नव्हते, असा ठपका होता. आतां आम्ही विचारतों : जवानाचा खरा कैवारी कोण ? हिशेब तपासून त्याचे बूट कोठें अडले हें विचारणारा, कीं त्याचें नांव घेऊन शेजाऱ्यास दटावणारा ?

जी गोष्ट सैनिकाची, तीच घरांतल्या सुखसोयींची. १८९२ सालीं पुऱ्या झालेल्या तानसा धरणाचें पाणी मुंबईकर आज सव्वाशेंहून अधिक वर्षें पीत आहेत. पुढें त्यांत भातसेचीही भर पडली. हीं दोन्ही धरणें शहापूर तालुक्यांतलीं. आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात. आपल्या न्हाणीघरांतून वाहून गेलेलें तेंच पाणी पुढें ज्या गटारांत जातें, तेथें संरक्षक साधनांवांचून माणसें उतरविण्यास २०१३ च्या कायद्यानें बंदी घातली. तरी माणसें उतरतात आणि गुदमरून मरतात. नळाचे उपकार मानावयाचे तर ते याच मंडळींचे. मग "आहे त्यांत समाधान माना" हा उपदेश नेमका कोणास करावयाचा ?

कोणी म्हणेल, सुखवस्तु माणसाची कुरकुर किती ऐकावी ? घटकाभर वीज गेली तर तो आकाशपाताळ एक करतो ! हें खरें आहे, आणि त्या कुरकुरीची तरफदारी आम्ही करीत नाहीं. पण तिचा दोष तक्रारींत नसून अज्ञानांत आहे. भर पावसांत खांबावर चढलेला वायरमन ज्यास दिसतो, तो त्याच्या कचेरीवर ओरडण्यापूर्वीं त्याच्या हातांत रबरी मोजे आहेत कीं नाहींत हें पाहील. अज्ञानावर औषध ज्ञानाचेंच; मौनाचें नव्हे.

आमच्या पूर्वजांनीं उपकारास 'ऋण' म्हटलें तें उगाच नव्हे. ऋण फेडावयाचें असतें. नुसतें गावयाचें नसतें. ७ डिसेंबरला छातीवर ध्वज लावून निधींत चार रुपये घालणें चांगलेंच. पण वीरपत्नीचें निवृत्तिवेतन कोणत्या टेबलावर अडलें आहे हें विचारण्यास जो कचरतो, त्याच्या ध्वजास केवळ टांचणीचें मोल आहे.