हलगी वगळावी काय?

आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या मुलीचा विवाह येत्या महिन्यात नोंदणी पद्धतीने होत आहे. सायंकाळी तालुक्याच्या गावी स्वागतसमारंभ आहे. निमंत्रण देण्यासाठी ते कार्यालयात आले, तेव्हा त्यांच्या खिशात आणखी एक कागद होता. समारंभात काय वाजू द्यायचे नाही, याची ती यादी होती. तीत डीजे होता, हिंदी चित्रपटगीते होती, लावणी होती, वराकडील तरुणांनी सुचविलेली जातीच्या अभिमानाची गाणी होती. आणि अगदी शेवटी, वेगळ्या शाईने लिहिलेली, हलगी होती. यादी तत्त्वाला धरून आहे ना, एवढेच त्यांना आम्हांला विचारायचे होते.

महागाई आणि बेकारी पुढ्यात असता साप्ताहिकाने लग्नातल्या वाजंत्रीवर आपला रकाना का खर्चावा, असे कोणी म्हणेल. परंतु गाणे ही आपल्या समाजात कधीच निरुपद्रवी गोष्ट नव्हती. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला, आणि वादाचे कारण मोबाइलवर वाजलेले डॉ. आंबेडकरांचे गाणे होते, अशी फिर्याद नोंदली गेली. कोणाच्या दारावरून कोणाची वरात वाजत जावी, यावरून ज्या मुलखात डोकी फुटतात, तेथे काय वाजवावे हा प्रश्न निव्वळ अभिरुचीचा राहत नाही.

डीजेविषयी फारसा वाद नको. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. भिंतीएवढे कर्णे रचले की काटा शंभरापलीकडे जातो, आणि शेजारच्या घरातील आजारी म्हातारीला त्या आनंदात वाटेकरी व्हायचे आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. जातीच्या दर्पाची गाणीही वगळावीत. ज्या गाण्यात आपला मोठेपणा दुसऱ्याला खिजविल्यावाचून सिद्ध होत नाही, ते वाजवून नवदांपत्याचे कोणते शुभ होणार? मात्र येथे एक विवेक हवा. शतकानुशतके ज्यांना मान वर करू दिली नाही त्यांनी आपल्या उद्धारकर्त्याचे गाणे म्हणणे, आणि ज्यांनी ती मान दाबली त्यांनी आपल्या कुळाची बढाई वाजविणे, या दोन गोष्टी एका रेघेत बसवून ‘जातीची गाणी नकोत’ असे म्हणणे हा न्याय नव्हे.

चित्रपटगीते आणि लावणी यांवर फुली मारताना मात्र आमच्या मित्राचा हात चुकला, असे आम्हांला वाटते. स्त्रीला बाजारातली वस्तू करणारी गाणी निवडून काढावीत, आणि तशी गाणी आज भरपूर आहेत. परंतु सरसकट फुली ही सोवळ्याची रीत झाली. बा. वि. केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि जनतेची अभिरुची सुधारण्याच्या सद्हेतूने त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार केले. परिणाम काय झाला? घराघरांतले रेडिओ सिलोनकडे वळले, आणि अखेर १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. लावणी-तमाशाला पांढरपेशांनी नाके मुरडली. त्याच तमाशातून अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगारांसमोर लोकनाट्य उभे केले. ज्या चळवळीने हे ऋण घेतले, तिच्या कार्यकर्त्याने मुलीच्या लग्नात लावणीची लाज बाळगावी, हे काही बरे नव्हे.

वगळणाऱ्याने जागा रिकामी ठेवू नये, हे जोतीराव फुल्यांनी जाणले होते. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला, त्यात भटजी नव्हता. परंतु जोतीरावांनी मंत्र काढून टाकून मांडवात शांतता पसरविली नाही. वधूवरांनी स्वतः म्हणावयाची मराठी मंगलाष्टके रचली. त्यांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांचे वचन मागते. जुने गेले आणि त्याच्या जागी अधिक अर्थाचे आले. आपली नोंदणी विवाहाची प्रथा चांगली, पण पुष्कळदा इतकी कोरडी असते, की सह्या झाल्यावर पाहुण्यांना पेढा घेऊन घड्याळाकडे पाहण्यावाचून काम उरत नाही. तेथेच मग डीजे शिरतो.

राहिली हलगी. ती का, असे विचारताच आमचे मित्र थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझे वडील ती वाजवीत असत.” सवर्णांच्या लग्नात मांडवाबाहेर उभे राहून वाजवायचे, पंगती उठल्यावर उरलेले अन्न फडक्यात बांधून घरी आणायचे. त्यांनी लहानपणी ते खाल्ले आहे. गावकीचे वाजविण्याचे काम नाकारल्याबद्दल दलितांनी अनेक गावांत बहिष्कार सोसले, हा इतिहास आपण जाणतो. ज्याला चित्रपटगीत उथळ वाटते त्याची फुली आणि ही फुली एक नव्हे. हिच्यावर बाहेरच्या कोणी शेरा मारू नये. आम्हीही मारला नाही.

पण मुलगी ऐकत नाही. ती म्हणते, आजोबांची हलगी ही आजोबांची कला होती, अपमान मांडवाच्या मालकाचा होता; मग अपमान करणारा सुटतो आणि वाद्याला शिक्षा का? या वेळी मांडव आपला आहे, वाजंत्री आत बसतील, पहिल्या पंगतीला जेवतील, ठरलेली बिदागी आधी घेतील. यावर बापाचे म्हणणे असे, की हलगीची पहिली थाप पडताच आपल्याला ते फडके दिसेल, पंगत कितवीही असो.

आम्हांला मुलीचे म्हणणे अधिक पटते. तथापि त्या मांडवात बसून ती थाप ऐकावयाची आहे ती आम्हांला नव्हे, त्यांना. म्हणून आम्ही एवढेच सुचविले, की उरलेली यादी त्यांनी मुलीच्या आणि जावयाच्या हाती द्यावी आणि हलगीचा निर्णय बापलेकींनी समोरासमोर बसून करावा. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला. हा मजकूर छपाईला जाईपर्यंत त्यांच्या घरी काही ठरलेले नव्हते.