घरी शिकणे आणि घरी राहणे

गृहशिक्षण म्हणजे मुलाला शाळेत न घालता त्याच्या शिक्षणाची पूर्ण जबाबदारी घराने उचलणे. काय शिकवायचे, कोणत्या पुस्तकातून, दिवसाचे किती तास आणि परीक्षा केव्हा द्यायची, हे सगळे पालक ठरवतात. शिकवणीपेक्षा ते वेगळे, कारण शिकवणी ही शाळेला जोड असते. शाळा सोडण्यापेक्षाही ते वेगळे, कारण शाळा सोडलेल्या मुलाचे शिक्षण बहुधा तिथेच थांबते. परभणी जिल्ह्यात हा दुसरा फरक फार महत्त्वाचा ठरतो. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. टोळीबरोबर फडावर गेलेले मूल आणि परभणी शहरात आईजवळ बसून गणित सोडवणारे मूल, दोघेही हजेरीपटावर नसतात. सरकारी यादीत दोघांनाही एकच शब्द लागतो: शाळाबाह्य. गृहशिक्षणाचा वाद या एका शब्दामुळे गढूळ झाला आहे. म्हणून त्यावरचे आक्षेप आणि त्याच्या बाजूचे दावे वेगवेगळे तपासावे लागतात.

पहिला आक्षेप कायद्याचा. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 10 नुसार 6 ते 14 वयोगटातील पाल्याला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. त्यामुळे मूल घरी ठेवणे हा गुन्हाच, असे सांगितले जाते. यातले कर्तव्य खरे आहे, गुन्हा मात्र कायद्यात सापडत नाही. कलम 10 मोडणाऱ्या पालकाला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. दंड आहे तो कलम 18 मध्ये, आणि तो मान्यतेविना शाळा चालवणाऱ्याला: एक लाख रुपयांपर्यंत, आणि त्यानंतरही शाळा चालू राहिली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. स्वतःच्या मुलाला ओसरीवर शिकवणारी आई या कलमात बसत नाही. गल्लीतली वीस मुले जमवून, फी घेऊन दिवसभराचे वर्ग भरवणारा मात्र बसू शकतो, आणि ही सीमा पालकांनी ओळखायला हवी. 2012 च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय कायद्यातच दिला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्र दिले की, स्वेच्छेने गृहशिक्षण निवडणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. पुढे ती याचिका मागे घेतली गेली आणि निकाल लागायचा राहून गेला. तेव्हा गृहशिक्षण बेकायदा आहे हे विधान टिकत नाही. पण कायद्याने त्याला स्पष्ट जागा दिली आहे, असेही म्हणता येत नाही. ते आज कायद्याच्या मौनावर उभे आहे.

दुसरा आक्षेप प्रमाणपत्राचा: घरी शिकलेल्या मुलाला दहावी कोण देणार? याचे उत्तर गावोगावी ठाऊक असलेल्या 'सतरा नंबरच्या फॉर्म'मध्ये आहे. राज्य मंडळाची दहावी-बारावी खाजगी विद्यार्थी म्हणून देण्याचा हा मार्ग कित्येक वर्षे चालू आहे. परभणीचे विद्यार्थी छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाकडे तो भरतात. मात्र त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो, म्हणजे कधीच शाळेत न गेलेले मूल इथे अडते. अशा मुलासाठी दोन दारे आहेत. एक, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या परीक्षाही ते घेते, त्यामुळे शाळेविना शिकलेल्या मुलाला पायरीपायरीने वर येता येते. दुसरे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. 1979 मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था 1989 मध्ये स्वतंत्र संस्था झाली. 14 वर्षे पूर्ण झाली की तिथे दहावीला नाव घालता येते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकाच वेळी द्यायची सक्ती नाही. माध्यमांत मराठी आहे. मार्गाचा अभाव हा आक्षेप म्हणून उरत नाही. उरते ते तालुक्याच्या गावी हे मार्ग समजावून सांगणारे कोणी नसणे.

हाच आक्षेप घेणारा समाज दुसरीकडे डोळेझाक करतो. अकरावी-बारावीत नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि मूल दिवसभर लातूर-नांदेडच्या शिकवणीत, ही पद्धत मराठवाड्यात कोणाला नवी नाही. हजेरी कागदावर, अभ्यास दुसरीकडे. वर्गात न बसणे हा दोष असेल, तर तो आधी या नाममात्र प्रवेशांना लागू होतो. तिथे तो चालतो आणि दहा वर्षांच्या मुलाला घरी शिकवणाऱ्या पालकाला मात्र त्याचाच जाब विचारला जातो, यात न्याय नाही.

तिसरा आक्षेप सहवासाचा: घरी शिकलेले मूल एकलकोंडे होते. एकलकोंडेपणाची भीती गावात फारशी खरी नाही. गल्ली, शेत, मैदान आणि नातलगांचा राबता असलेल्या घरात मुलाला माणसे भेटतातच. पण या आक्षेपाच्या पोटात एक खरा मुद्दा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत वेगवेगळ्या जातींची मुले एका ओळीत बसून खिचडी खातात. घर कितीही प्रेमळ असले तरी ही पंगत घरात मांडता येत नाही. हरवते ते मिश्र सोबत्यांचे जग. मात्र हा दोष फी भरून निवडलेल्या इंग्रजी शाळेलाही लागतो. तिथेही एकाच आर्थिक थरातली मुले जमतात. गृहशिक्षण करणाऱ्या घराने या उणिवेवर जाणूनबुजून उपाय करावा लागतो, एवढेच यातून निघते.

आता दुसऱ्या बाजूचे दावे. गृहशिक्षणाचे समर्थक इतिहासाचा दाखला देतात. सावित्रीबाईंना जोतीरावांनी शिकवले, रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी, आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी. पंडिता रमाबाईंचे संस्कृत तर आईवडिलांजवळच झाले. ही नावे खरी, पण त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. या स्त्रिया घरी शिकल्या, कारण शाळेचे दार त्यांच्यासाठी उघडे नव्हते. जोतीरावांनी घरी एका स्त्रीला शिकवले आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, कारण घरात एकीचे भागते, गावाचे भागत नाही. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी मागणी केली ती किमान बाराव्या वर्षापर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये बडोदे संस्थानभर सक्ती आणली. गोखल्यांनी 1911 मध्ये विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात सक्ती जाहीर केली आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत या सुधारणांचा लाभ तिला झाला नाही. ज्या प्रदेशाला सक्ती इतक्या उशिरा मिळाली, तिथे तिला जाच म्हणून हिणवण्यापूर्वी हा इतिहास आठवावा.

गांधीजींचे उदाहरणही अर्धेच दिले जाते. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी मुलांना शाळेत घातले नाही. घरी आणि 1910 नंतर टॉलस्टॉय फार्मवर, श्रम आणि अभ्यास एकत्र करून शिकवले. 1937 मध्ये वर्ध्यात मांडलेल्या नई तालीमची बीजे त्या प्रयोगात आहेत. पण औपचारिक शिक्षण न मिळाल्याचा सल त्यांच्या मुलांना राहिला, आणि थोरला हरिलाल त्यावरून दुखावला, हेही तितकेच प्रसिद्ध आहे. गृहशिक्षणाचा निर्णय पालक घेतात आणि परिणाम मुलाच्या वाट्याला येतो. म्हणून मूल मोठे होऊ लागले की त्याचे मत विचारणे आणि परतीची वाट खुली ठेवणे हा त्या निर्णयाचाच भाग असला पाहिजे.

दुसरा दावा कोविडचा: शाळा बंद होत्या तरी मुले शिकलीच. मार्च 2020 मध्ये राज्यातल्या शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 ला उघडले. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा होती. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका लागली, मोबाइलवर अभ्यास आला. पण एका मोबाइलवर तीन भावंडे आणि तो मोबाइल बापाबरोबर शेतात, अशा घरात शिक्षण सुरू नव्हते. तो काळ गृहशिक्षणाचा प्रयोगच नव्हता, कारण तिथे निवड नव्हती, तयारी नव्हती आणि शिकवणारे मोठे माणूस मोकळे नव्हते. त्यातून एकच गोष्ट सिद्ध झाली: पुस्तक आणि पडदा घरी पोचला म्हणून घराची शाळा होत नाही.

तिसरा दावा खर्चाचा: शाळेची फी वाचते. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, 'किशोर' मासिक स्वस्त आहे, हे खरे. पण गृहशिक्षणाचा मोठा खर्च फीच्या पावतीवर छापलेला नसतो. घरातल्या एका शिकलेल्या माणसाचा दिवस त्यात जातो, आणि ते माणूस बहुतेक वेळा आई असते. जिची रोजंदारी बुडाली तर संध्याकाळची चूल अडते, तिच्यापुढे हा पर्यायच नाही. परभणी जिल्ह्यात अशा मातांची संख्या मोठी आहे. म्हणून गृहशिक्षण हे शाळेला सर्वांसाठीचे उत्तर म्हणून मांडणे म्हणजे मूठभरांची सोय सगळ्यांवर लादणे होय.

दोन्ही बाजू अशा गाळून घेतल्यावर जे उरते, त्याचे मंडन करता येते. गृहशिक्षण हा सवड, शिक्षण आणि तयारी असलेल्या पालकांचा वैध पर्याय आहे. शाळेचा तास तीस मुलांत वाटला जातो. घरात तो एकट्याला मिळतो. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 800 आणि सहावी ते आठवीसाठी 1000 अध्यापन तास ठरवले आहेत. एकास एक शिकवताना तोच आशय कमी वेळात होतो आणि उरलेला वेळ संगीताला, शेतीला, वाचनाला देता येतो. मंद गतीने शिकणाऱ्या, सतत आजारी असणाऱ्या किंवा एखाद्या विषयात फार पुढे असणाऱ्या मुलासाठी ही मोकळीक मोलाची आहे. 2016 मध्ये मुंबईतील एका मुलीला दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राविना अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला, तो आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमधील पदकांच्या बळावर. असे यश नियम ठरत नाही, पण शाळेबाहेरही कसदार अभ्यास होतो याचा ते पुरावा आहे.

मात्र पर्याय वैध ठरण्यासाठी तो दिसला पाहिजे. आज घरी शिकणाऱ्या मुलाची नोंद कुठेच नसते. 2015 पासून राज्यातील विद्यार्थ्यांची माहिती 'सरल' प्रणालीत शाळेमार्फत भरली जाते. शाळा नाही तर नोंद नाही. 4 जुलै 2015 ला राज्यभर शाळाबाह्य मुलांचे एकदिवसीय सर्वेक्षण झाले आणि मोजलेल्या मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. अशा मोजणीत घरी शिकणारे मूल आणि मोळ्या वाहणारे मूल एकाच रकान्यात जाते. याचा तोटा पहिल्याला कमी आणि दुसऱ्याला जास्त. 'आम्ही घरी शिकवतो' हे वाक्य उद्या कोणालाही वापरता येईल: धाकट्याला सांभाळण्यासाठी चौथीनंतर घरी बसवलेल्या मुलीच्या घराला, आणि उचल घेतलेल्या जोडप्याचे मूल फडावर नेणाऱ्या मुकादमालाही.

दक्षिण आफ्रिकेने यावर काढलेला मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. तिथल्या 1996 च्या शाळा कायद्याने गृहशिक्षणाला परवानगी दिली, पण प्रांताच्या शिक्षण विभागाकडे नोंदणी सक्तीची केली. 2024 च्या दुरुस्तीने शिक्षणाचा प्रत्येक टप्पा संपताना जाणकाराकडून मुलाचे मूल्यमापन करून घेणेही बंधनकारक केले. तिथल्या पालकांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. तरी तत्त्व सरळ आहे: पालकाला निवडीचा हक्क, मुलाला दखलीचा हक्क.

परभणीत याची मांडणी नव्या खात्याविना होऊ शकते. नजीकच्या जिल्हा परिषद शाळेत गृहशिक्षित मुलांची स्वतंत्र वही असावी आणि केंद्रप्रमुखाने वर्षातून एकदा मुलाशी बोलून वाचन, लेखन, गणित पाहावे. शाळेचे वाचनालय, मैदान, स्नेहसंमेलन आणि पंगत त्या मुलाला खुली असावी. मुक्त विद्यालयाचा पाचवी-आठवीचा टप्पा त्याला ठरल्या वयात देता यावा. परतीची वाट कायद्यात आधीच आहे: कलम 4 नुसार मोठे झालेले मूलही वयानुरूप वर्गात दाखल होते आणि त्याला विशेष प्रशिक्षण मिळते.

याच वहीमुळे ऊसतोडीच्या मुलाचा प्रश्नही स्पष्ट होतो. त्याला गृहशिक्षण नको आहे, त्याला शाळा हवी आहे. ती देणे हे शासनाचे काम. आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह वेळेवर, टोळी निघण्याआधी सुरू व्हावे. स्थलांतराबरोबर जाणाऱ्याला शिक्षण हमी कार्ड मिळावे आणि कारखान्याजवळच्या शाळेने ते मानावे. पाचवीनंतर दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती एसटीचा मोफत पास असतो. त्या पासाच्या वेळेला गाडीही असावी.

गृहशिक्षणाची कसोटी एवढीच: मूल घरी शिकते आहे की नुसते घरी राहते आहे. पहिल्या मुलाच्या पालकाला शासनाने अडवू नये. दुसऱ्या मुलाच्या दारात शासनाला दर वर्षी जावेच लागेल.