चाकांवरचं बिऱ्हाड

आमचा कोलोरॅडोतला भाचा ट्रेलर घेतोय. ३० फुटी! आत दोन पलंग, न्हाणीघर, टीव्ही. कशासाठी? तर आडवाटेच्या जंगलात राहायला!

मी बँकेत कर्जाचे अर्ज तपासणारा माणूस. आधी परतफेड बघायची, ही आमची खोड. इथे परतफेड म्हणजे परत फिरणं! कच्चा रस्ता आडव्या पडलेल्या झाडापाशी संपला, तर हे धूड मागे कसं घेणार? शिवाय टाकीत १५० लिटर पाणी भरलं की १५० किलो वजन वाढलंच. चढावर ते ओढायचं बिचाऱ्या मोटारीनं!

त्यापेक्षा अमेरिकेत १९३० च्या दशकापासून चालत आलेला छोटा ‘टीअरड्रॉप’ घ्यावा. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उचललं की ओटा. फक्त त्याचं पोट जमिनीपासून उंच हवं, म्हणजे दगडधोंडे लागत नाहीत.

“पण मामा, आई येणार आहे!”

मी ताईलाच विचारलं. ती म्हणाली, “टीव्ही घरी आहे की! मला लेकाबरोबर चांदण्यात बसायचंय. आत सूनबाई नि मी झोपू. त्याला दे तंबू!”

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हे खरं. पण तो न्हाणीघर घेऊन हिंडल्याचं तुम्ही कधी ऐकलंय?