तेलातला प्रभार

आठवीच्या वर्गात कलिल शिकवणे चालू होते. दूध, धुके, भिंतीचा रंग ही नेहमीची उदाहरणे देऊन झाली, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या मामूंनी दुबईहून पुस्तके वाचायचे इलेक्ट्रॉनिक यंत्र आणले होते. त्याच्या पडद्यात तेल असते, तेलात काळे-पांढरे कण असतात आणि विजेने ते वरखाली होतात, असे मामूंनी तिला सांगितले होते.

"सर, तेलातून वीज जात नाही असं तुम्हीच शिकवलंत. मग त्या कणांवर प्रभार येतो कसा?"

आम्ही सांगून टाकले, "केसांवर घासलेल्या फुग्यासारखा. घासून येतो." मुलगी खाली बसली, धडा पुढे सरकला. मात्र घरी आल्यावर ते उत्तर आमच्या मनाला टोचत राहिले. पुस्तके काढून बसलो, तेव्हा कळले की आम्ही चुकीचे सांगितले होते. खरे उत्तर वाचकांनाही आवडेल, म्हणून या वेळचे सदर त्यासाठीच.

आधी मीठ घ्या. पाण्यात टाकले की विरघळते, गोडेतेलात मात्र तळाशी तसेच बसते. मिठातले धन आणि ऋण आयन एकमेकांना धरून असतात. पाणी त्यांच्यातली ओढ सुमारे ८० पटींनी कमी करते, तेल जेमतेम २ पटींनी. म्हणून पाण्यात आयन मोकळे फिरतात आणि तेलात वेगळे झाले तरी लगेच पुन्हा एकत्र येतात. तेलात प्रभार एकटा राहू शकत नाही, ही खरी अडचण आहे.

ती सोडवतो साबणाच्या जातीचा पदार्थ. शास्त्रज्ञ त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. याच्या रेणूला एक डोके असते, त्याला पाणी आवडते, आणि एक शेपटी असते, तिला तेल आवडते. भांडी घासताना या शेपट्या तेलकटपणाला आत कोंडतात आणि डोकी बाहेर पाण्याकडे राहतात. तेलात सगळे उलटे होते. डोकी आत वळून एकमेकांना चिकटतात, शेपट्या बाहेर तेलात पसरतात. काही नॅनोमीटरची ही पुरचुंडी म्हणजे उलटा मायसेल. तिच्या पोटात आयनाला आसरा मिळतो. दोन विरुद्ध आयनांमध्ये आता शेपट्यांचे कुंपण येते, त्यामुळे ते एकमेकांना सहज गाठू शकत नाहीत.

आता यात रंगाचा कण टाका. सर्फॅक्टंट कणाला चिकटतो. कणाच्या पृष्ठभागावरचा एखादा आयन मायसेल उचलून नेतो किंवा स्वतःजवळचा आयन कणाला देऊन जातो. कणावर उरतो विरुद्ध प्रभार. पृष्ठभाग आम्लधर्मी असेल तर तो बहुधा प्रोटॉन देऊन ऋण होतो, आम्लारिधर्मी असेल तर प्रोटॉन घेऊन धन होतो. म्हणजे घासण्याचा इथे काही संबंध नाही, ही देवघेव आहे. तिचे सगळे बारकावे अजून उलगडलेले नाहीत, त्यावर संशोधन चालू आहे. अशा प्रयोगांत नेहमी वापरला जाणारा एक सर्फॅक्टंट म्हणजे डॉक्युसेट सोडियम. बद्धकोष्ठावरच्या काही औषधांतही तोच असतो.

मामूंच्या यंत्रात हेच घडते. या पडद्याचे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मले आणि १९९७ साली त्यातून ई इंक ही कंपनी निघाली. केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्यांत पारदर्शक तेल, त्यात पांढरे आणि काळे कण, दोघांवर विरुद्ध प्रभार. विजेचा दाब दिला की एक रंग वर येतो, दुसरा खाली जातो. वीज बंद केली तरी कण जागेवर राहतात, म्हणून पान तसेच दिसत राहते आणि बॅटरी बरेच दिवस पुरते.

प्रभाराला तेलात वाट करून देण्याचा प्रश्न विमानाच्या इंधनातही येतो आणि तिथे तो जिवावरचा असतो. इंधन नळीतून वेगाने वाहताना प्रभार साठतो. त्याला निसटायला वाट नसली तर ठिणगी पडू शकते. म्हणून अशा इंधनात लिटरमागे काही मिलिग्रॅम विशिष्ट पदार्थ मिसळतात, त्यामुळे प्रभार वाहून जातो. साध्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल भरू नका असे सांगतात, त्यामागेही ठिणगीची हीच भीती आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात उभे राहून सांगितले, "काल आम्ही चुकलो होतो." मुले आधी हसली, मग ऐकू लागली. फळ्यावर मायसेल काढून झाला, तेव्हा तीच मुलगी पुन्हा उभी राहिली. "मग भरपूर साबण टाकला तर कण जास्त जोरात पळतील का?"

या वेळी आम्ही घाई केली नाही. उत्तर शोधून आठवड्याने दिले: नाही. साबण फार झाला की तेलात प्रभारित मायसेलही वाढतात. ते कणाभोवती आणि विजेच्या पट्ट्यांजवळ गर्दी करतात आणि कणापर्यंत विजेची ओढ कमी पोहोचते. तिने ते वहीत लिहून घेतले. आधीच्या पानावर आमचे जुने उत्तर होते, त्यावर तिने स्वतःच काट मारली होती.